फोटो वाळेपर्यंत

मी संशयी आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं आहे. समुद्रपूरला माहेरी वडील म्हणायचे, हिच्या डोळ्यांदेखत गाईची धार काढली तरी ही विचारेल, पाणी किती टाकलं. लग्न होऊन आर्वीजवळच्या खेड्यात आले तर तिथं माझ्या वरताण सासरे भेटले. ते कापूस बाजारात न्यायच्या आधी घरी मोजायचे, बाजारात पुन्हा मोजून घ्यायचे, आणि दोन्हीकडचं वजन बरोबर जुळलं की म्हणायचे, "एवढं कसं जुळलं? काहीतरी गडबड हाये." घरात त्यांचं आणि माझं चांगलं जमायचं. त्याचं कारण एवढंच, की आम्हा दोघांचाही तिसऱ्या कोणावर भरवसा नव्हता.

हे मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकाच्या शेवटाचं. त्या श्रावणात सासूबाई विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. गावात हाड बसवणारे एक म्हातारबा होते. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून, कसलासा पाला ठेचून हात बांधून दिला. दिवाळीच्या तोंडावर सोडून पाहिला तर हात मनगटाच्या वर वाकडाच, आणि बोटांत भाकरीचा तुकडा धरवेना. मग वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात उघडून आत स्टीलची पट्टी बसवली आणि ती स्क्रूंनी आवळली.

ऑपरेशननंतरचा फोटो घरी आला तेव्हा निम्मा गाव बघायला लोटला. एक्सरेला आमच्याकडे फोटोच म्हणत. जो तो तो काळा कागद उन्हाकडे धरून डोळे बारीक करायचा. शेजारीण म्हणाली, "बाप्पा! हे तं सायकलचे स्क्रू हायेत." सासरे तेव्हाच माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "इचारून घ्या लागत होतं, नवे हायेत का जुने."

पुढे दर महिन्याला फोटो सुरू झाला. पहिल्या दोन खेपांना माझे यजमान त्यांच्याबरोबर गेले. नंतर शेतीची कामं निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी जातो एकटी. पाय थोडी मोडला माहा." सकाळच्या एस.टी.नं फाट्यावरून निघायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. फोटो ओला असतो, तो वाळल्याशिवाय देत नाहीत, म्हणून दिवस जातो, असं त्यांनी सांगितलं होतं. ते खरं होतं. एक्सरेवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत दोरीवर चिमटे लावून फोटो वाळत घातलेले असत. त्यात लाईन गेली की सगळाच खोळंबा.

फोटो घरी आला की सासरे तो घेऊन अंगणात जायचे आणि मला हाक मारायचे. आधीचा आणि नवा, दोन्ही मावळतीकडे धरून आम्ही बघायचो. तीच पट्टी, तेच स्क्रू, तीच हाडं.

"तुले काही फरक दिसते?"

"नाई, मामाजी. कालचंच पोलकं उलटं करून घातल्यासारखं वाटते."

"मंग कायचे पैसे घेते तो?"

यावर आमचं एकमत झालं होतं. डॉक्टर आणि एक्सरेवाला एकमेकांचे साडू असणार. निदान वाटा तरी ठरलेला असणार. हात बरा होतो की नाही हे हाताकडे बघून कळत नसेल तर मग तो डॉक्टर कसला? सासूबाईंना मात्र यातलं काही विचारलं की त्या म्हणायच्या, "डॉक्टर म्हणते तं काढा लागते." आणि हात पुन्हा गळ्यात अडकवलेल्या झोळीत घालून बसायच्या.

त्या झोळीनं माझा जीव काढला होता. सासूबाईंच्या हाताला धक्का नको म्हणून घरातलं दळणकांडण, पाणी, गुरांची सरकी-चारा, सगळं माझ्यावर. त्यांचे केससुद्धा मी विंचरायचे. मी करतही होते, आणि मनातल्या मनात चरफडतही होते. घरात करायला दुसरं होतं कोण? एक नणंद होती, पण तिचं नाव काढायची सोय नव्हती.

माझ्या लग्नानंतर वर्षभर ती घरातच होती, वर्ध्याच्या कॉलेजात जाऊन-येऊन शिकत होती. सासऱ्यांची फार लाडकी. रविवारी स्वयंपाक तिच्याकडे असायचा आणि सासरे दर रविवारी पहिल्या घासाला म्हणायचे, "मीठ कमी हाये." ती म्हणायची, "मंग खाऊ नका." आणि ते सगळं ताट पुसून खायचे. मग तिनं बरोबर शिकणाऱ्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, वर्ध्याला सरकारी कचेरीत लागला होता, पण ते ऐकून घ्यायला कोण बसलं होतं? सासरे पारावर चार लोकांत म्हणाले, "मले एक पोरगा हाये फक्त." त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. रविवारचा स्वयंपाक मी करू लागले आणि माझ्या मिठाबद्दल सासरे कधी अवाक्षर बोलले नाहीत.

तर फोटोंचं. हिवाळा सरत आला तरी ते थांबेनात, आणि माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. आधी डॉक्टरवर संशय होता, आता सासूबाईंवर यायला लागला. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारी ही बाई दिवसभर वर्ध्याला बसून घरी येते आणि म्हणते, भूक नाही. एकदा त्यांचे हात धुवून देताना पाहिलं, तर त्याच मोडक्या हाताच्या बांगडीच्या कडेला पीठ वाळलेलं होतं.

"हे काय व आत्याबाई?"

"बसमंधी लागलं असन."

बसमध्ये कोण कणीक भिजवत बसतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या खेपेला मी स्वतः बरोबर जायचं हे तिथंच ठरवलं. सासऱ्यांना म्हटलं, मीच जाते आणि त्या डॉक्टरला दोन शब्द विचारून येते. सासरे खूश झाले. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "तुले काऊन तरास?" असं त्या दोनदा म्हणाल्या.

वर्ध्याला स्टेशनकडच्या गल्लीत डॉक्टरांचा दवाखाना होता. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. डॉक्टरांनी सासूबाईंचा हात झोळीतून काढला, दाबला, मनगट इकडून तिकडे फिरवलं, मूठ वळायला लावली, आपलं बोट त्यांच्या मुठीत देऊन ओढून पाहिलं.

"दुखतं का?"

"नाई."

"मग आजी, परत का आलात? मी तुम्हाला मागेच सांगितलं, दुखलं, सुजलं, काही वेगळं वाटलं तर या. नाहीतर फोटोची गरज नाही. एक ऑपरेशननंतरचा हवा होता, एक हाड धरतंय की नाही ते पाहायला. बाकीचे सगळे तुमच्या हौसेचे. आणि ती झोळी आधी फेका."

ज्याला इतके महिने आम्ही चोर ठरवलं होतं तो बिचारा हात जोडून सांगत होता की पैसे घालवू नका. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना म्हणाल्या, "काढाच एक. मनाले बरं वाटते." डॉक्टर हसले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

फोटो काढून झाला. दुपार टळल्यावर या, असं एक्सरेवाल्यानं सांगितलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू अठी बाकावर बस. मी येतो जरासी." आणि चालायला लागल्या. मी काय बसणार! त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि निघाले मागोमाग. रस्त्याच्या वळणावर त्या थांबल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, "येतच असशीन तं बरोबर चाल. मांगून चोरासारखी नोको येऊ."

आम्ही वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला गेलो. तेव्हा तिकडे नुकते प्लॉट पडत होते, मधे मधे तुरीची शेतं होती आणि मधेच एखादं नवं घर. अशाच एका दोन खोल्यांच्या घराचं दार सासूबाईंनी वाजवलं आणि नणंदेनं उघडलं. मला पाहून ती पांढरी पडली. तिच्या पायांशी एक मुलगी होती, नुकतं नीट चालायला शिकलेली. तिनं "आजी" म्हणून दोन्ही हात वर केले आणि सासूबाईंनी झोळीतून हात काढून तिला सरळ उचलून खांद्यावर घेतलं.

"आत्याबाई, हात!" मी ओरडलेच.

"अठी नाई दुखत," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी महिनोन् महिने त्यांचे केस विंचरत होते, आणि ही बाई इथं नातीला खाली उतरवल्याबरोबर चुलीपुढे बसून त्याच हातानं टपाटप भाकरी थापत होती! बांगडीचं पीठ आता समोर दिसत होतं. मी भिंतीला टेकून बसून राहिले. नणंदेनं पाणी दिलं ते प्याले. थोड्या वेळानं ती मुलगी माझ्याजवळ आली आणि माझ्या पिशवीचे बंद ओढायला लागली. तिची हनुवटी अगदी सासऱ्यांची होती, पुढे आलेली, हट्टी. ती मला बघवेना आणि नजरही हटेना.

परत येताना वाटेत सासूबाईंनी विनवणी केली नाही. एवढंच म्हणाल्या, "तुले सांगाचं असन तं सांगजो. पण मंग मले तिचं तोंड दिसाचं नाई." एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले. राग होता, पण त्या रागाचं काय करायचं ते समजत नव्हतं. डॉक्टरांनी हात मोकळा केला होता. सासऱ्यांना हे कळलं की वर्ध्याची वाट बंद होणार होती.

घरी आल्याबरोबर सासऱ्यांनी फोटो घेतला आणि अंगणात नेला. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"काय म्हणे डॉक्टर? अजून काढा लागते का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, हात पुन्हा झोळीत. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या संशयी स्वभावाचं मोल कळलं. मी कोणावर विश्वास ठेवत नाही हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते माझ्यावर ठेवत होते.

मी फोटो हातात घेतला, चांगला वरखाली केला. "मामाजी, मले तं हे हाड काही बरोबर दिसत नाई. हे पाहा, अठी फट हाये. डॉक्टर म्हणते जुळलं, पण त्याच्यावर काय भरवसा? काढत राह्यलेलं बरं."

सासऱ्यांनी फटीकडे पाहिलं. फट नव्हतीच. बराच वेळ पाहून म्हणाले, "हाव. फट हाये."

त्यानंतर महिन्याच्या महिन्याला सासूबाई जात राहिल्या, कधी एकट्या, कधी मी बरोबर. डॉक्टर हात जोडायचे, त्या "काढाच" म्हणायच्या. न काढता नुसतंच जाऊन यावं असं मी सुचवलं होतं, तर त्या म्हणाल्या, "मंग घरी काय दाखवू?" तेही खरंच होतं. घरी मी त्यांचे केस विंचरायचे ते विंचरतच राहिले, फक्त आता थोडे जोरात ओढून.

उन्हाळा लागला. एक दिवस सासरे जेवता जेवता म्हणाले, "यंदाच्या खेपेले मी येतो."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. सासूबाई तर उठून आतच गेल्या. त्या रात्री यजमानांना विचारलं, तुम्ही काही बोललात का? ते आढ्याकडे पाहत राहिले. फाट्यावर थांबणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर आमच्याच गावचा होता, त्याचाही मला संशय आला. कोणी सांगितलं हे मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही तिघं गेलो. एस.टी.त सासरे दोन बाकं पुढे बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर काठी. तिकडे बोरगावला नणंद वाट बघत असणार, नातीला नवा फ्रॉक घालून ठेवला असणार, आणि आम्ही येऊ शकणार नाही हे तिला कळवायची काही सोय नव्हती.

डॉक्टरांनी हात पाहिला. "आजोबा, हे हाड कधीच जुळलं. मी या दोघींना किती वेळा सांगितलं."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड खुपसलं. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण सासूबाईंचं आजपासून जाणं बंद.

"तरी काढा एक," सासरे म्हणाले.

"कशाला? पैसे वाया जातील तुमचे."

"माहे जातीन. काढा तुमी."

टोमॅटो घेताना पसाभर कोथिंबीर वर मागणारा माणूस. त्यानं त्या दिवशी एक्सरेवाल्याला किती झाले हेसुद्धा विचारलं नाही, पुढ्यात नोटा धरल्या आणि त्याला घ्यायला लावल्या. इतक्या फोटोंतला हा एकच असा होता, की जो हातासाठी नव्हता आणि आम्हा दोघींच्या सोयीसाठीही नव्हता.

फोटो काढून झाल्यावर त्यांनी एक्सरेवाल्याला विचारलं, "वाळाले लय टाइम लागते म्हणे?"

"दुपार होईल, आजोबा."

सासऱ्यांनी बाकावरची धूळ झटकली आणि बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी अठीच बसतो. ध्यान ठेवा लागते, दुसऱ्याचा फोटो देऊन देतीन लेकाचे. तुमी दोघी जाऊन या."

सासूबाई म्हणाल्या, "कुठी?"

"जठी जाता तठी," ते म्हणाले, आणि उघड्या दारातून दोरीवर टांगलेल्या फोटोंकडे बघायला लागले.

आम्ही रस्त्यानं अक्षरशः धावत गेलो. नणंदेनं दार उघडल्याबरोबर मी सांगून टाकलं, "मामाजी आले हायेत." ती उंबऱ्यातच खाली बसली. "कुठी?" "दवाखान्यात. फोटो राखून राह्यले." सासूबाई म्हणाल्या, "ते अठी येनार नाईत. आस नोको लावू." ती उठली आणि चुलीकडे गेली. "सकाळपासून काही खाल्लं नसन त्यायनं," असं एवढंच बोलली. निघताना तिनं माझ्याकडे डबा दिला. सासूबाई घाबरल्या, "नोको. फेकून देतीन." त्या घरचं पाणीही आमच्या सासऱ्यांना चाललं नसतं, ही तेव्हाची गोष्ट आहे आणि ती मला लपवायची नाही. मी डबा पिशवीत तळाशी ठेवला आणि वर पदर टाकला.

परत आलो तर सासरे त्याच बाकावर होते, तसेच, मांडीवर फोटो. परतीच्या एस.टी.त या वेळी ते आमच्याच बाकावर बसले. वर्धा मागे पडलं, शेतं सुरू झाली. मग ते खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "पिशवीत काय हाये व?"

मी फार विचार केला. कोणी सरळ प्रश्न विचारला की त्यामागे काय आहे ते शोधायची मला खोड आहे. या वेळी मला काही सापडलं नाही.

"भाकर हाये, मामाजी. अन् वरण."

कोणाच्या घरची, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"आन इकडं."

त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, वरणात बुडवून पहिला घास तोंडात घातला आणि चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मग हळूच, जसं घरात कोणी ऐकू नये म्हणून बोलावं तसं म्हणाले,

"मीठ कमीच टाकते अजून."

सगळा डबा त्यांनी पुसून खाल्ला. झाकण लावलं, आणि फाटा येईपर्यंत तो स्वतःच्या मांडीवरून कोणाला उचलू दिला नाही. फोटो मात्र गाडीतच राहिला, आणि त्याची आठवण आम्हा तिघांपैकी कोणालाच झाली नाही.